राणीछाप रुपया घेताय? आधी पदवी वाचा, मग भाव विचारा

वस्तू: व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया. कुठे मिळतो: सांगलीत सराफ कट्टा, साताऱ्यात मोती चौक, शिवाय जुन्या नाण्यांची फिरती प्रदर्शनं आणि ऑनलाइन. गुण: वस्तूला पाचपैकी साडेचार, विक्रीच्या पद्धतीला पाचपैकी तीन.

सराफाकडे राणीछाप मागितला की तो एका डबीतले सगळेच जुने रुपये ताटलीत ओततो. त्यात राणी असते, एडवर्ड असतो, पंचम जॉर्ज असतो. सगळ्यांना तो राणीछापच म्हणतो आणि सगळे एकाच भावाने तोलतो. मोडीचा माल म्हणून बघितलं तर त्याचं चुकत नाही, चांदीला काय, कुणाचंही डोकं चालतं. पण भेट द्यायला, देवघरात ठेवायला किंवा संग्रहासाठी घेणाऱ्याने ताटलीतले रुपये आधी दोन ढिगांत वेगळे करावेत: एकीकडे राणी, दुसरीकडे राजे. आणि मग राणीच्या ढिगाचे पुन्हा दोन ढीग करावेत. हे दुसरं वेगळं करणं बहुतेक जण करत नाहीत, आणि खरी गंमत तिथेच आहे.

राणीच्या रुपयावर चेहऱ्याच्या डावीकडे इंग्रजीत व्हिक्टोरिया हे नाव असतं आणि उजवीकडे तिची पदवी. ही पदवी दोनच प्रकारची: क्वीन किंवा एम्प्रेस. 1840 ते 1876 या सालांच्या रुपयांवर क्वीन, 1877 ते 1901 वर एम्प्रेस. नाणं इतकं झिजलं असेल की अक्षरं लागत नाहीत, तरी शब्दाची लांबी कळते. इंग्रजीत क्वीन पाच अक्षरांचा, एम्प्रेस सात अक्षरांचा. उजवीकडची ओळ डावीकडच्या नावाइतकी लांबत गेली असेल तर तो एम्प्रेस. आपण ज्याला डोळे झाकून राणीछाप म्हणतो, त्या एम्प्रेसच्या रुपयावर ‘राणी’ हा शब्दच नाही. तिथे ती फक्त सम्राज्ञी आहे.

हा बदल टाकसाळीच्या लहरीने झालेला नाही. 1840 साली व्हिक्टोरिया ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंडची राणी होती, हिंदुस्थानचं नाव तिच्या पदवीत कुठेच नव्हतं. रुपया पाडायची ईस्ट इंडिया कंपनी, म्हणून एका बाजूला राणी आणि दुसऱ्या बाजूला कंपनीचं नाव अशी जोडी त्या रुपयावर दिसते. 1848 साली सातारा खालसा झालं ते याच कंपनीच्या अमदानीत. पुढे 1858 च्या कायद्याने कारभार कंपनीकडून राणीच्या सरकारकडे गेला आणि 1862 च्या नव्या रुपयावरून कंपनीचं नाव पुसलं गेलं. तरी पदवी क्वीनच राहिली. ती बदलायला ब्रिटिश संसदेला 1876 साली वेगळा कायदा करावा लागला. डिझरायली तेव्हा पंतप्रधान होते. 1 जानेवारी 1877 ला लॉर्ड लिटनने दिल्लीत दरबार भरवून ती पदवी जाहीर केली, आणि त्या सालापासून रुपयावर एम्प्रेस आलं. दिल्लीत दरबाराचा थाट चालू होता तेव्हा साताऱ्यासकट दख्खन दुष्काळात होरपळत होती. एम्प्रेसचे पहिले रुपये त्या दिवसांतले.

इथे राज्यकर्त्या राणीचं पद नेमकं काय असतं तेही कळतं. मराठीत राणी म्हटलं की राजाची बायको. इंग्लंडात दोन्ही प्रकार आहेत, पण नाण्यावर जागा एकीलाच. स्वतःच्या हक्काने गादीवर बसलेली ती राज्यकर्ती राणी. तिचा नवरा त्यामुळे राजा होत नाही. व्हिक्टोरियाच्या नवऱ्याला, अल्बर्टला, ‘प्रिन्स कॉन्सर्ट’ ही पदवी मिळायलासुद्धा 1857 साल उजाडावं लागलं. उलट राजाची बायको राणी म्हणवली जाते, पण राज्य तिचं नसतं. म्हणून सातव्या एडवर्डच्या रुपयावर एकटा एडवर्ड आहे, राणी अलेक्झांड्रा नाही. साताऱ्याच्या वाचकाला ताराराणी आठवतील. त्यांनी राज्य लढवलं, चालवलं, पण ते मुलाच्या, दुसऱ्या शिवाजीच्या नावाने. व्हिक्टोरियाचं बरोबर उलटं: नाव तिचं, शिक्का तिचा, आणि कारभार मंत्र्यांचा. स्वतःची पदवीही तिला संसदेच्या कायद्यातून घ्यावी लागली. ज्या देशाची ती सम्राज्ञी झाली त्या देशात ती एकदाही आली नाही.

आता माल. या रुपयाचं वजन ठरलेलं आहे: 11.66 ग्रॅम. चांदी बारापैकी अकरा भाग, म्हणजे 91.67 टक्के, उरलेलं तांबं. बावीस कॅरेट सोन्याचा जो 916 चा आकडा सगळ्यांना पाठ असतो, तोच इथे चांदीला लागू. एका कोऱ्या रुपयात शुद्ध चांदी 10.69 ग्रॅम. हा आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा, दुकानात उपयोगी पडतो. कारण सर्वांत जास्त चूक, कधी नकळत आणि कधी जाणूनबुजून, इथेच होते: रुपयाच्या पूर्ण वजनाला शुद्ध चांदीचा भाव लावला जातो. एका रुपयामागे 0.97 ग्रॅमचा फरक पडतो. दहा रुपये घेतले तर 9.7 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एका अख्ख्या रुपयातल्या चांदीचे पैसे जास्तीचे गेले. हिशेब सरळ ठेवायचा: प्रत्यक्ष वजन गुणिले 0.9167 गुणिले त्या दिवसाचा शुद्ध चांदीचा ग्रॅमचा भाव. त्यावर दुकानदार नाण्याचे म्हणून जे काही जास्त मागेल ते वेगळं आकड्यात सांगायला लावा.

दुसरी गोम तोळ्याची. ‘रुपयाभार’ हा शब्द आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहे, आणि तो खराच मापाचा शब्द होता. एक रुपया म्हणजे एक तोळा, ऐंशी रुपये भार म्हणजे एक शेर. पण तो तोळा 11.66 ग्रॅमचा. आज सराफ तोळा म्हणतो तेव्हा तो दहा ग्रॅम म्हणत असतो. तुम्ही विकायला गेलात आणि समोरून ‘एक रुपया, एक तोळा’ असा हिशेब आला, तर दहा ग्रॅमचे पैसे हातात पडतात आणि 0.69 ग्रॅम शुद्ध चांदी पलीकडे राहते. गाळण्यातली घट आणि झीज धरली तर ही अगदी लूट म्हणता येणार नाही, मात्र तसं आधी सांगून करावं. न सांगता करणारे बरेच आहेत.

झिजलेला रुपया वाईट नसतो. साधारण वापरलेला 11.40 ते 11.60 भरतो. 1906 च्या नाणे कायद्यातही दोन टक्क्यांपर्यंत झीज चालायची, म्हणजे 11.43 पर्यंत. त्याच्या खाली बरंच उतरलं असेल आणि तरी नाक-डोळे ठसठशीत असतील, तर मात्र थांबा. वजन कमी आणि छाप कोरी हे एकत्र जमत नाही. झीज आधी गालावर, कानावरच्या केसांवर आणि मुकुटाच्या मण्यांवर दिसते. ती दिसत नसेल तर वजन पूर्ण हवं.

खरेपणाची घरगुती परीक्षा पाण्याची. 0.01 ग्रॅम दाखवणारा खिशात मावणारा काटा, काचेचा पेला आणि शिवणाचा दोरा एवढंच लागतं. रुपया आधी कोरडा तोलून आकडा लिहा. मग अर्धा पेला पाणी काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. रुपया दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा धरा. तळाला नाही, कडेला नाही, मधोमध लोंबकळता. काट्यावर 1.13 च्या आसपास आकडा आला पाहिजे. कोरड्या वजनाला या आकड्याने भागलं की 10.3 येतं, ती या मिश्रणाची घनता. तांबं-निकेलचा नकली तुकडा त्याच वजनाचा असेल तर काटा 1.30 च्या आसपास जातो. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे हमखास घोटाळा करतात, आकडा फुगतो. बोटाने पुसून पुन्हा बुडवा. दोरा जाड असला तरी तेच.

लोहचुंबक लावून बघणं म्हणजे अगदी पहिली पायरी. चुंबकाला चिकटला तर बाद, पण न चिकटणं हा पुरावा नव्हे. पितळ, जस्त, तांबं यातलं काहीच चिकटत नाही. फरशीवर टाकून नाद ऐकायची जुनी रीत खणखणीत आहे खरी, फक्त काठाला जी खोच पडते ती कायमची. संग्रहाचं नाणं असेल तर विकणाऱ्याला नम्रपणे हात धरून थांबवा.

टंच, म्हणजे चांदीचा कस, काढून घ्यायचा असेल तर सांगली जिल्ह्यासारखी सोय दुसरीकडे मिळणं अवघड. विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाईची मंडळी देशभर सोनं-चांदी गाळतात आणि हा रुपया त्यांच्या हाताखालून पोत्यांनी गेलेला आहे. मशीनवर दाखवलं तर काही मिनिटांत टक्केवारी कळते. एक लक्षात ठेवा, मशीन फक्त वरचा पातळ थर वाचतं. जुन्या रुपयाच्या पृष्ठभागावरचं तांबं उडून गेलेलं असतं, म्हणून 92 ऐवजी 93-94 दिसलं तर घाबरायचं कारण नाही. पण चांदीचा मुलामा दिलेला खोटा रुपयाही तिथे चांगलाच दिसतो. म्हणून मशीन आणि पाण्याचा आकडा, दोन्ही जुळले तरच घ्या.

साल आणि पदवी यांचा मेळ ही फुकटातली परीक्षा. 1862 सालाबरोबर एम्प्रेस, किंवा 1885 बरोबर क्वीन दिसलं तर तो रुपया बनावट धरूनच चाला. ठसे जुळवणाऱ्याने एक बाजू इकडची, एक तिकडची उचललेली असते. 1840 च्या रुपयावर मुकुट नाही. केस मागे फितीने बांधलेली तरुण राणी आहे आणि उलट बाजूला इंग्रजीबरोबर फारसी लिपीतही ‘एक रुपया’ आहे. या रुपयाचेही दोन प्रकार: एकात नाव आणि पदवी डोक्यावरून सलग जातात, दुसऱ्यात डोकं मध्ये येऊन ती तुटतात. दोन्हीवर साल 1840 च, पाडले मात्र पुढची बरीच वर्षं. 1862 पासून मुकुटधारी, भरजरी पोशाखातली राणी आली, फारसी गेली. फारसी परत आली थेट एडवर्डच्या रुपयावर.

1862 हे सालही असंच पुढची दहा-बारा वर्षं गोठलेलं राहिलं. भिंगातून पाहिलं तर कित्येक रुपयांवर सालाजवळ बारीक टिंबं दिसतात. साल न बदलता कुठल्या वर्षीचा माल ते ओळखण्याची ती टाकसाळीची खूण. सराफ टिंबांकडे ढुंकून बघत नाही, संग्राहक मात्र टिंबांवरच भाव करतो. टिंबं जास्त आणि स्वच्छ असलेला रुपया चांदीच्या भावात हाताला लागला तर गप्प पैसे देऊन बाहेर पडावं. 1874 पासून खरं साल येऊ लागलं, म्हणून खऱ्या सालाचे क्वीन रुपये फक्त 1874, 1875 आणि 1876 चे. 1840, 1862, 1900, 1901 हे मात्र सहज मिळतात. ‘दुर्मिळ’ म्हणून त्यांना दुप्पट पैसे देऊ नका. मुंबई टाकसाळीच्या बऱ्याच रुपयांवर इंग्रजी बी हे बारीक अक्षर असतं, तेही भिंगानेच बघायचं.

माळेतला रुपया हा वेगळा विषय. आपल्याकडे राणीछाप रुपयांना कडी लावून माळा करायची रीत होती, त्यामुळे बाजारात येणारे पुष्कळ रुपये एकदा गळ्यात जाऊन आलेले असतात. कडी काढून काठ घासून सपाट केलेला असतो. काठावरच्या उभ्या रेघा बोटाच्या नखाने सगळीकडे चाचपा. राणीच्या डोक्याच्या वर, बारा वाजण्याच्या जागी रेघा गुळगुळीत लागल्या की तिथे टाका, म्हणजे कडी जोडायचा डाग, होता. असा रुपया संग्रहाच्या दृष्टीने फक्त चांदी. शिवाय टाक्यात हलक्या कसाची चांदी असते, ती उरलेली असेल तर वजन 11.66 च्याही वर जातं. वजन जास्त भरलं म्हणून खूश होणारे इथेच फसतात.

चकचकीत रुपया हा दुसरा सापळा. चिंच, रिठा, पावडर, काहीही लावून उजळवलेला रुपया संग्राहक हातात धरत नाही. दीडशे वर्षांची काळसर झाक ही त्या नाण्याची कातडी आहे, ती सोलली की किंमत सोलली. दुकानदार ‘साहेब, पॉलिश करून देतो’ म्हणाला की तिथेच नको म्हणा. देवघरासाठी घेत असाल तर अर्थात तुमची मर्जी. दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी राणीच्या चेहऱ्याचे नवे ठोकलेले शिक्केही विकले जातात. पूजेला ते चालतात, फक्त जुन्या रुपयाचा भाव देऊ नये. त्यांची अक्षरं फुगीर आणि गोलसर असतात, काठाच्या रेघा उथळ असतात, आणि वजन बहुधा सरळ दहा ग्रॅम. 1818 साल, कंपनीचं नाव आणि देवांची चित्रं असलेली जी तांब्याची ‘नाणी’ लाखमोलाची म्हणून दाखवतात, ती निव्वळ बाजारू टोकन. त्यातल्या एखाद्यावर व्हिक्टोरिया दिसली तर तिचा जन्म 1819 चा आहे एवढं सांगून चालू लागा.

एलिझाबेथ राणीचा ‘भारतीय’ रुपयाही अधूनमधून दाखवला जातो. असा रुपया नाही. एलिझाबेथ गादीवर आली 6 फेब्रुवारी 1952 ला, भारत प्रजासत्ताक झाला 26 जानेवारी 1950 ला. तिच्या पदवीत भारत कधीच नव्हता. एम्प्रेसची परंपरा तिच्या वडिलांच्या काळातच संपली. दाखवला जातो तो बहुधा मॉरिशसचा रुपया. पुढे राणी, मागे रुपया, वाचताना फसायला होतं, पण मागच्या बाजूला मॉरिशस लिहिलेलं असतं आणि धातू तांबं-निकेल. चांदीच्या भावाने घेतला तर पैसे पाण्यात.

सेवेबद्दल. सांगली-साताऱ्याच्या सराफी दुकानात समोर काट्यावर तोलून मिळतं, नाणं हाताळू देतात, भाव रोजचा असतो. हे तीन मोठे गुण. उणीव अशी की नाणं म्हणून ओळख शून्य, आणि बिलावर नुसतं ‘चांदी शिक्का’ लिहायची सवय. बिलावर ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस, 1889, वजन 11.52’ असं लिहून मागा. कुरकुरतात पण देतात. संपूर्ण माळ घ्यायची असेल तर दोर तोडून एकेक रुपया तोलायला लावा, एकत्र तोलात टाके, कड्या आणि दोरसुद्धा चांदीच्या भावात जातात. प्रदर्शनातले नाणेवाले माहिती छान देतात, भाव चढा असतो, पण तिथे घासाघीस चालते, दुपारनंतर जास्त. ऑनलाइनला सर्वांत कमी गुण. फोटोवरून काठ, वजन, टाका काहीच कळत नाही, आणि ‘तुमचा राणीछाप लाखाला घेतो, आधी नोंदणी फी भरा’ हा धंदा जोरात आहे. रिझर्व्ह बँकेनेच 2021 साली जाहीर केलं आहे की जुन्या नाणी-नोटांच्या असल्या व्यवहाराशी तिचा काही संबंध नाही आणि ती कुठली फीही मागत नाही.

वाडा पाडताना किंवा पाया खणताना हंडा सापडला, तर सराफाकडे जायच्या आधी जिल्हाधिकारी कार्यालय गाठा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन कळवणं 1878 च्या कायद्याने बंधनकारक आहे. परदेशातल्या नातेवाइकाला पाठवायचा विचार असेल तर शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तूत मोडतं, खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. आणि घरी आणलेला रुपया प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटात ठेवू नका, कालांतराने हिरवट चिकट थर चढतो. बटर पेपरची घडी किंवा पुठ्ठ्याची नाणेचौकट घ्या, वर पेन्सिलीने साल, पदवी आणि वजन लिहा.